टॅपेटची फट

चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये बारीकशी फट राखावी लागते. इंजिन तापले की दांडा लांबतो आणि त्या वाढीला जागा लागते. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची कड जळू लागते. फट तपासून बसवण्याच्या या कामाला गॅरेजमध्ये ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात.

खानदेशातल्या जामनेर-पाचोरा पट्ट्यात हे काम मोटारसायकल घरोघरी येण्याच्या आधी विहिरीवर आले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वीज शिवारात पोचेपर्यंत विहिरीचे पाणी उपसण्याची भिस्त अशाच इंजिनांवर होती. पाण्याची पाळी चालू असताना इंजिन बसले तर फिटरची वाट पाहणे परवडणारे नव्हते. तेव्हा झाकण काढून रॉकर हलवून पाहणे ही शेतकऱ्याच्याही हातची गोष्ट झाली.

दुचाक्यांत ही विद्या लागे ती बुलेटला. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. जुन्या लोखंडी बुलेटच्या सिलिंडरशेजारी एक झाकण असे. ते काढले की रॉकरला ढकलणारे पुशरॉड दिसत. थंड इंजिनात रॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढाच नियम. त्यासाठी फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेजही लागत नसे.

मग मधली काही दशके व्हॉल्व्ह नसलेल्या गाड्यांची होती. दूधवाल्यांची राजदूत आणि म्हैसूरची येझदी ही टू-स्ट्रोकची घराणी. त्यांत पिस्टनच सिलिंडरची भोके उघडतो आणि झाकतो. मालकाच्या वाट्याला प्लग घासणे, सायलेन्सरमधला कार्बन काढणे आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे एवढेच येई.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि व्हॉल्व्ह परतले. ‘भरा, बंद करा, विसरा’ अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. पेट्रोलपुरते ते ठीक. टॅपेट मात्र विसरून चालत नव्हते. अशा लहान होंडा इंजिनांत फट ०.०५ मिमी, तर बजाजच्या काही गाड्यांत एक्झॉस्टला ०.१ मिमी ठेवत, म्हणजे साधारण दाढीच्या पात्याच्या जाडीइतकी.

माप थंड इंजिनावर घ्यायचे, होंडाच्या पुस्तकांप्रमाणे ३५ अंशांच्या आत. मे महिन्यात खानदेशात दुपारची सावलीच ४० अंशांच्या पुढे जाते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर सूर्य वर येण्याआधी काम उरकणे हीच शहाणी रीत. प्लग काढायचा, मॅग्नेटच्या कडेची आणि हेडवरची झाकणे उघडायची, मॅग्नेटच्या चाकावरची ‘टी’ची खूण कव्हरवरच्या खुणेशी जुळवायची. खूण जुळूनही रॉकर घट्ट वाटले तर पिस्टन कॉम्प्रेशनवर नाही. चाक आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचे. मग लॉकनट सैल करून फिलर आत घालायचा आणि किंचित अडकत सरकेल इतका स्क्रू बसवायचा. खरी गंमत पुढे असते: लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो आणि फट बदलते. म्हणून नट आवळल्यावर फिलर पुन्हा घालून पाहतात. ही दुसरी तपासणी टाळली तर आधीची सगळी मेहनत वाया.

टिकटिक वाजणारे इंजिन मालकाला खटकते आणि तो फट कमी करून मागतो. इथेच धोका आहे. रॉकर झिजला तर फट वाढते आणि आवाज येतो. व्हॉल्व्हची बैठक झिजली तर फट आटते आणि इंजिन उलट शांत होते. वाजणारा टॅपेट सहसा फक्त वाजतो, न वाजणारा व्हॉल्व्ह जाळू शकतो. २००० साली देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. बैठकीला त्या शिशाचे कवच मिळत असे. त्यामुळे जुन्या बुलेटच्या एक्झॉस्टकडे तेव्हापासून जास्त लक्ष द्यावे लागते.

पुढच्या बुलेटमध्ये तेलाच्या दाबाने फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट आले. २०१२ साली चाकणहून निघालेल्या केटीएम ड्यूकमध्ये स्क्रूच्या जागी मोजीव जाडीच्या चकत्या आहेत. फट बदलायची तर नेमक्या जाडीची चकती दुकानातून आणावी लागते.