मेंढीचा ढेकर आणि माणसाचं माप

उर्दूत जुगाली, मराठीत रवंथ. दोन्ही भाषा शिकवतो म्हणून हे शब्द माझ्या फळ्यावर शेजारी-शेजारी येतात. मुलं लगेच शेळीसारखं तोंड हलवून दाखवतात आणि वर्ग हसतो. पण या रवंथामागे एक वायू आहे, मिथेन. तो कमी सोडणाऱ्या मेंढ्या आणि गाई निवडून वाढवण्याचं काम आज जगात चालू आहे. या निवडीचा इतिहास अडीचशे वर्षं मागे जातो.

इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात डिशली इथे रॉबर्ट बेकवेल (१७२५-१७९५) नावाचा शेतकरी होता. १७६० मध्ये वडिलांची शेती त्याच्या हाती आली. तेव्हा नर-माद्या बहुधा एकत्रच चरत. कोणतं पिल्लू कोणत्या नराचं, याचा हिशेब नसे. बेकवेलने नर वेगळे केले आणि जवळच्या रक्ताच्याही जोड्या लावल्या. त्याला हवी होती कमी चाऱ्यावर लवकर अंग धरणारी मेंढी. पिढ्यांची तुलना करता यावी म्हणून तो सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे जपून ठेवी. त्याचे नर हंगामापुरते भाड्याने जात. पुढे डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली.

पण बेकवेलचं सगळं लक्ष अंग धरण्यावर होतं. त्याची ‘न्यू लेस्टर’ मेंढी फार चरबट झाली. पिल्लं कमी देते, दूध कमी देते, अशा तक्रारी आल्या. लोकांची आवड बदलली आणि तिचं वैभव ओसरलं. तिचं रक्त मात्र इतर जातींत उरलं.

बेकवेलच्या हयातीतच, १७७६ मध्ये, इटलीच्या व्होल्टाने माजोरे सरोवराच्या दलदलीतून एक जळणारा वायू गोळा केला. तोच मिथेन. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून निघालेला हायड्रोजन काही जीव कार्बन डायऑक्साइडशी जोडतात, मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरावाटे बाहेर पडतो. खाल्लेल्या चाऱ्यातली सुमारे २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हेन्री आर्म्सबी यांनी बंद खोलीत बैल ठेवून हा वायू मोजला. तेव्हा हवामानाची चिंता नव्हती. वाया जाणाऱ्या चाऱ्याचा हिशेब होता.

आता दोन्ही हिशेब एकत्र आले आहेत. शंभर वर्षांचा विचार केला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन सुमारे २७ पट उष्णता धरतो. न्यूझीलंडमध्ये हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती-पशुपालनातून येतात. २००३ मध्ये तिथल्या सरकारने संशोधनासाठी जनावरांवर कर सुचवला. शेतकरी संतापले, एका खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला आणि कर बारगळला. त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या शास्त्रज्ञांनी बेकवेलचाच मार्ग धरला. मेंढ्यांना तासाभरासाठी बंद पेट्यांत ठेवून मिथेन मोजायचा आणि कमी सोडणाऱ्यांची पैदास करायची. काही पिढ्यांत कमी आणि जास्त मिथेनच्या कळपांत दहा टक्क्यांहून अधिक फरक पडला. २०२३ मध्ये कॅनडात होल्स्टीन गाईंसाठीही असं मूल्यांकन सुरू झालं.

आपल्याकडे काय? २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास १५ कोटी शेळ्या होत्या. त्यातल्या कितीतरी भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या दारात बांधलेल्या असतात. गाईंच्या बाबतीत आपण गेली काही दशकं एकच माप धरलं, लिटरचं. संकरित गाईंनी दूध वाढवलं, लिटरमागे मिथेनही कमी झाला, हे खरं. पण उन्हाला आणि रोगाला त्या आपल्या देशी गाईंइतक्या टणक नाहीत, हेही तितकंच खरं. लिटरच्या जागी उद्या फक्त मिथेनचं माप आलं, तर बेकवेलची चूक आपण नव्या नावाने करू. आणि तिची किंमत पेटीत मेंढी मोजणारा भरणार नाही. जिची सगळी बचत दारातल्या दोन शेळ्यांत आहे, ती बाई भरेल.

आमची दादी शेळी घ्यायला बाजारात गेली की चार गोष्टी बघायची: दात, कास, जुळी देणाऱ्या घरची आहे का, आणि उन्हाळ्यात काट्याकुट्यावर तगेल का. या यादीत पाचवी गोष्ट म्हणून मिथेन जरूर यावा. आधीच्या चार पुसून मात्र नको. कोणत्या गोष्टी मोजायच्या हे ठरवताना शेळी पाळणाऱ्या बायकांना कुणी विचारणार का, एवढंच मला विचारायचं आहे.