आडनावे, मराठी

मराठी माणसाच्या पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. यातले आडनाव आज सर्वांत पक्के वाटते, पण ते पक्के होऊन फार काळ झालेला नाही. पेशवाईपर्यंत एकच घराणे कधी गावावरून, कधी हुद्द्यावरून, तर कधी कुळावरून ओळखले जाई. तुकारामांचे आडनाव आंबिले आणि कूळ मोरे. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट. त्यांना मिळालेले पेशवेपद घराण्यात राहिले आणि वंशजांचे आडनावच पेशवे झाले. नाना फडणीस मूळचे भानू. इंग्रजी अमलात शाळेचा दाखला, सरकारी नोकरी आणि जमिनीचे दप्तर या सगळ्यांना न बदलणारे नाव हवे होते. त्या वेळी जे चालू होते तेच पुढच्या पिढ्यांना चिकटले.

सर्वांत ओळखीची आडनावे ‘-कर’ने संपणारी : चिपळूणकर, वेंगुर्लेकर, पेडणेकर, तेंडुलकर (तेंडोलीचे), होळकर (नीरेकाठच्या होळचे). अशा आडनावावरून माणूस त्या गावचा असे आपण धरतो. खरे तर ते गाव सोडल्याची खूण म्हणून ते अधिक कामाचे आहे. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून वेगळे कोण काढणार? तिथे सगळेच चिपळूणकर. घर पुण्याला किंवा मुंबईला आले की मगच गावाच्या नावाला ओळख म्हणून किंमत येते. गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात पुजारी असलेल्या घराण्याला तिथे अभिषेकी म्हणत. त्याच घरातले दीनानाथ नाटकाच्या निमित्ताने बाहेर पडले आणि मंगेशकर झाले. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड) यावरून आंबडवेकर आले आणि शाळेत त्याचे आंबेडकर झाले, चरित्रकार ते त्याच आडनावाच्या एका शिक्षकाशी जोडतात.

‘-कर’ कोणा एका धर्माचे नाही. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल ज्यूंनी पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगावकर अशी आडनावे घेतली आणि इस्रायलला गेल्यावरही अनेकांनी ती ठेवली. कोकणी मुसलमानांत दळवी, चौगुले, मुकादम अशी ‘-कर’ नसलेली आडनावेही आढळतात. गोवा आणि वसईत पोर्तुगीज काळात धर्मांतर केलेल्यांना मात्र बाप्तिस्म्याबरोबर नवी आडनावे मिळाली : फर्नांडिस, डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज. तंजावरकडे गेलेल्या बऱ्याच मराठी घरांत आडनाव मागे पडून ‘राव’ उरला. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे अशांपैकी. त्यांच्या नावातला ‘टी’ तंजावरचा.

दुसरा मोठा गट हुद्द्यांचा. गावची पाटीलकी पाटलाकडे, हिशेब कुलकर्ण्याकडे. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख-देशपांडे अशी. दरबारी आणि लष्करी कारकुनीतून ‘-नीस’वाली आडनावे आली. हे फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रव्यवहार पाही, सबनीस फौजेची हजेरी, पोतनीस खजिन्याचा हिशेब, पारसनीस फारसी कागद. पोतदार नाणी पारखी. सहकारी बँकेत पोतदार आडनावाचा रोखपाल भेटला तर तो निव्वळ योगायोग, पण गंमत वाटतेच.

ही कामे वतनाची, म्हणजे वंशपरंपरेची असल्याने हुद्द्याचे आडनाव होणे ओघानेच आले. मात्र एकच हुद्दा वेगवेगळ्या जातींकडे असे, म्हणून या आडनावांवरून नाते ठरत नाही. पाटील मराठा, आगरी, लेवा, लिंगायत, जैन, मुसलमान अशा सगळ्यांत आहेत. कुलकर्ण्यांचे लग्न कुलकर्ण्यांत होऊ शकते, कारण तिथे पाहिले जाते ते गोत्र; मराठ्यांत कूळ आणि देवक. पुढे वतने गेली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, आणि मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने रद्द केले. काम सरकारकडे गेले, आडनाव घरी राहिले.

जाधव–यादव, शेलार–शिलाहार, कदम–कदंब, साळुंखे–चालुक्य अशा आडनाव आणि जुने राजघराणे यांच्या जोड्या पुष्कळदा सांगितल्या जातात. ध्वनीच्या अंगाने त्या पटण्याजोग्या आहेत. सिंदखेडचे जाधव तर स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. तरी नाव जुळले म्हणजे वंश जुळला असे होत नाही. राजाचे नाव त्याच्या प्रजेनेही उचललेले असू शकते.

टोपणनावांतून आलेली आडनावे हा या विषयातला सर्वांत रंगतदार आणि सर्वांत कमी भरवशाचा भाग. काळे, गोरे, टकले, बोबडे, बहिरट, एकबोटे ही शरीरावरून. सातपुते, पाचपुते, अष्टपुत्रे अपत्यांच्या संख्येवरून. सहस्रबुद्धे कौतुकाने की टोमण्याने, कोण जाणे. वाघ, लांडगे, कोल्हे, गाढवे, ढेकणे यांत प्राण्यांचा सगळा गोतावळा आहे, साखरे, तुपे, गुळवे, कांदे यांत स्वयंपाकघर. अशा प्रत्येक आडनावामागे घरात एक गोष्ट असतेच. घोरपड्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या आधाराने किल्ला चढून घेतला; गायकवाडांच्या पूर्वजाने गाई कवाडाआड घेऊन वाचवल्या. ऐकायला छान, पण अशा कथा बहुधा आडनाव आधी आणि गोष्ट नंतर या क्रमाने तयार होतात.

सुतार, लोहार, कुंभार, परीट यांसारखी धंद्यांची आडनावे सरळ अर्थाची असली तरी ती जात उघड करतात. नोकरी, भाड्याचे घर, लग्न या तिन्ही ठिकाणी त्याचा त्रास झालेल्यांनी आडनाव बदलले. असा बदल राजपत्रात छापून अधिकृत करता येतो. बदलताना पुष्कळांनी गावावरचे ‘-कर’ निवडले, कारण त्यातून जात चटकन कळत नाही. टिंगल होणारी आडनावेही याच वाटेने गेली.

बाईच्या बाबतीत आडनाव लग्नापर्यंतच टिके. काही घरांत तर पहिले नावही बदलत. मोरोपंत तांबे यांची मणिकर्णिका झाशीला लक्ष्मीबाई नेवाळकर झाली. आता अनेक स्त्रिया माहेरचे आडनाव ठेवतात किंवा दोन्ही जोडून लावतात. कायद्याने ते बदलण्याची सक्ती नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले : आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि अखेरीस आडनाव.