देवळालीचा ताप : पुण्यातली बिअर आणि अबकारीचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी विचारलं, की देवळालीला ताप कसला आणि त्याचा पुण्याच्या बिअरशी संबंध काय. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

नाशिकजवळची देवळाली ही 1861 नंतर ब्रिटिश फौजेची छावणी झाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे एखाद्याची बोट हुकली की महिनोन्‌महिने काम नाही, लढाई नाही, नुसतं बसून राहायचं. उन्हाने, हिवतापाने आणि कंटाळ्याने माणसं भ्रमिष्ट व्हायची. शिपायांच्या बोलीत अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असं म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे दुसरं काही नाही, आपला ताप! पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘डूलॅली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजीत कायमचा राहिला.

2009 साली पुण्यात, कोरिंथियन्स क्लबच्या आवारात, एक छोटी ब्रुअरी सुरू झाली. नाव ‘डूलॅली’. सुरू करणारे सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी, बिअर बनवणारे जर्मनीचे ऑलिव्हर शाउफ. भारतातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. म्हणजे मराठी गावाचं नाव इंग्रज शिपायांच्या तोंडी मोडलं, विलायतेला गेलं, आणि दीडशे वर्षांनी जर्मन पद्धतीच्या बिअरवर चिकटून परत मराठी मुलखात आलं. ‘हे सगळं परदेशी फॅड आहे’ असं कोणी म्हणालं, की मला हे नाव आठवतं.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे : एखाद्या पेयाची ‘परंपरा’ जिभेने ठरते असं आपण धरून चालतो. कागदपत्रं पाहिली तर ती बऱ्याच वेळा अबकारीने ठरलेली दिसते. तिकडेही आणि इकडेही.

तुम्ही पुण्यातल्या अशा एखाद्या ब्रुअरीत गेलात, आणि न पिणाऱ्यांनीही एकदा पाहायला जरूर जावं, तर काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात. काम काय चालतं? बार्लीला मोड आणून ती वाळवलेली असते, त्याला माल्ट म्हणतात. आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, अगदी तेच. हा माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात मुरवला की पिठुळाची साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं. उकळताना हॉप्स घालायचे, ही एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा देतात आणि ती टिकवतातही. मग गार करून यीस्ट सोडायचं. पुण्यात लोकांना गव्हाची बिअर फार आवडते, तिला जर्मन लोक हेफेवाइझेन म्हणतात. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. तो वास यीस्टचा. पहिल्यांदा पिणारे हमखास विचारतात, ‘कोणता इसेन्स टाकलाय?’

आता या गव्हाच्या बिअरची गोष्ट ऐका. बव्हेरियात 1516 साली फर्मान निघालं, की बिअर फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स यांचीच करायची. ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून हा आज जाहिरातीत मिरवला जातो. पण त्या फर्मानात आधी बिअरचा भाव ठरवून दिलेला आहे. गहू पावासाठी राहावा, हाही हिशेब त्यामागे धरला जातो. मग गव्हाची बिअर उरली कशी? डेगनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला तिची खास सवलत होती! 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क बव्हेरियाच्या ड्यूककडे, म्हणजे सरकारजमा झाला. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं गव्हाची बिअर ही राजघराण्याची मक्तेदारी होती. आज आपण जिला ‘जर्मन परंपरा’ म्हणतो, ती अशी एका मक्त्याच्या आधाराने जगलेली आहे.

दुसरं उदाहरण ‘इंडिया पेल एल’चं, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीचा माल केपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायचा. ब्रुअरी गोदीजवळ, आणि हॉजसन जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे, म्हणून त्याचा जम बसला. 1820 च्या दशकात बर्टनचे कारखानदार या धंद्यात उतरले. ‘भारतासाठी खास शोध लावलेली बिअर’ ही दंतकथा आहे. भरपूर हॉप्सची बिअर तिकडे आधीपासून होतीच, प्रवासात ती उतरली चांगली, एवढंच. आणि ती प्यायचे अधिकारी व व्यापारी. साध्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर नाहीतर इथली अरक.

आता पुण्याकडे येऊ. पेशवाईत दारूवर बंदी होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांना जी प्रस्तावना लिहिली, तीत ही चर्चा आहे. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामदारांना सक्त मनाई, पण कोळी-भंडाऱ्यांसारख्यांना सूट. कोणी काय प्यायचं हे तेव्हाही वरूनच ठरत होतं. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, राज्य गेलं, आणि पुण्याला दोन छावण्या मिळाल्या, लष्कर आणि खडकी. 1857 नंतर गोरी फौज वाढली. इंग्लंडहून पिंपं आणण्यापेक्षा इथेच बिअर करणं स्वस्त. हिमालयात कसौलीला एडवर्ड डायरने ब्रुअरी काढली होती (जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा हा बाप). 1887 मध्ये एच. जी. मीकिनने डायरच्या सिमला-कसौलीच्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि पुढे रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि किरकी इथे नव्या काढल्या. किरकी म्हणजे आपली खडकी. बाकीची सगळी थंड हवेची ठिकाणं पाहा, आणि त्यांत एकटी खडकी! हवेसाठी तर नक्कीच नाही. मला दिसतं ते कारण म्हणजे फौज, हुकमी गिऱ्हाईक. थोडक्यात, पुण्याच्या हद्दीत बिअर बनायला लागून शंभरावर वर्षं झाली. 2009 ही सुरुवात नव्हे.

त्याच काळात गावातल्या पेयांचं काय झालं? 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला. ताडीच्या झाडावर कर, गावोगावच्या भट्ट्या बंद, दारू सरकारी देखरेखीखालच्या डिस्टिलरीत, विक्रीचा मक्ता ठेकेदाराला. ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांवरही निर्बंध आले, 1892 चा मोहाचा कायदा त्यासाठीच. सरकारचं उत्पन्न वाढलं आणि दुकानंही वाढली. 1880 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. 1908 मध्ये पुण्यात दारूदुकानांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन केलं, टिळक त्या चळवळीत होते. फुले आणि टिळक एका बाजूला सापडावेत असे प्रसंग फार नाहीत, हा एक.

स्वातंत्र्यानंतर त्याच चळवळीचं फळ म्हणून 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही लागू आहे, बरं का! महाराष्ट्रात पिणं ही कायद्याने सवलत आहे, परवाना घेऊन मिळणारी. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. आणि परवाना कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी! बिअरला वयाची अट 21, कडक दारूला 25. आपल्या मायक्रोब्रुअऱ्या या दारूबंदी कायद्याच्याच एका खिडकीतून चालतात. खिडकी नसली तर काय होतं, ते मधाच्या मद्याने दाखवलं. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी पुण्यात मूनशाइन मीडरी काढायचं ठरवलं, तेव्हा अबकारीच्या दप्तरात मधाच्या मद्याला रकानाच नव्हता. शेवटी ते वाइनच्या नियमांत बसवावं लागलं. मधाच्या देशात ही गत.

आणि मोह? गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं, 2016 मध्ये वारसा-पेय म्हणून जाहीर केलं. महाराष्ट्रात मोहफुलं वेचून साठवण्यावरचे निर्बंध सैल व्हायला 2021 उजाडलं. मला माहीत आहे, तुलना सरळ नाही. बिअर आंबवलेली, मोहाची गाळलेली, घरच्या भट्टीत धोका असतो. शिवाय गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे ती तिथल्या लोकांच्या आंदोलनातून आली. गावोगावच्या बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान करून दुकानं बंद पाडली आहेत. त्यांच्यापुढे वारशाची भाषा करणं पुण्यात बसून सोपं आहे. पण बव्हेरियाच्या ड्यूकने राखून ठेवलेली बिअर इथे रीतसर परवान्याने मिळते, आणि पालघरच्या आजीला येणारी कृती गुन्ह्याच्या कलमात बसते, हा फरक चवीचा नाही. तो 1878 आणि 1892 च्या कागदांवर सुरू झाला, आणि ते कागद अजून कोणी नीट उलगडून पाहिलेले नाहीत असं माझं मत आहे. प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर झालाय, आधी त्यांना माइक द्या.