डचेस घराण्याचा निर्वंश

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील युटिका शहरालगत न्यूयॉर्क मिल्स या गावी 10 सप्टेंबर 1873 रोजी गुरांचा जो लिलाव झाला, त्यात ‘एट्थ डचेस ऑफ जिनीव्हा’ या भारदस्त नावाची एक शॉर्टहॉर्न गाय 40,600 डॉलरच्या बोलीस इंग्लंडातील एका खरेदीदाराच्या पदरी पडली. एवढी रक्कम त्या गाईच्या दुधाची नव्हती, मांसाची नव्हती, बांध्याचीही नव्हती. ती होती तिच्या खानदानाची. या सौद्यानंतर गाय फार दिवस जगली नाही, हा दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येईल. परंतु तिचे अवघे डचेस घराणेच पुढे निर्वंश होऊन पृथ्वीतलावरून नाहीसे झाले, ती गोष्ट मात्र दैवाच्या खाती घालता येत नाही.

या घराण्याचे मूळ शोधू गेल्यास अठराव्या शतकातील इंग्लंडात जावे लागते. लेस्टरशायर परगण्यातील डिशली येथील रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने, निकटच्या नात्यातील नरमाद्यांचा संबंध अनिष्ट मानणाऱ्या लोकसमजुतीस न जुमानता, आपल्या मेंढ्यांत बापाला लेक आणि भावाला बहीण देऊन हवे ते गुण पिढ्यान्‌पिढ्या पक्के करण्याची रीत रूढ केली. ती रीत डरहॅम परगण्यातील चार्ल्स व रॉबर्ट कॉलिंग या बंधूंनी गाईगुरांत आणली. चार्ल्सच्या केटन येथील कळपात 1793 साली जन्मलेला फेवरिट हा वळू म्हणजे शॉर्टहॉर्न जातीचा जणू मूळपुरुष. त्याचाच मुलगा ‘डरहॅम ऑक्स’ हा अवाढव्य बैल खास बांधलेल्या गाडीतून इंग्लंड-स्कॉटलंडात वर्षानुवर्षे प्रदर्शनार्थ फिरविला जात असे. फेवरिटचा त्याच्या जन्मदात्रीशीच, म्हणजे फीनिक्स नावाच्या गाईशी, संयोग घडवून यंग फीनिक्स ही कालवड मिळविण्यात आली. त्या कालवडीशी पुन्हा फेवरिटचाच संयोग होऊन 1804 साली कॉमेट जन्मास आला. फेवरिट हा कॉमेटचा पिता आणि मातामहही. फीनिक्स ही त्याची दोन्ही बाजूंची आजी. सगोत्र विवाहाच्या नुसत्या उल्लेखाने कपाळास आठ्या घालणाऱ्या आपल्या वाचकांस हे नातेगोते ऐकवत नसले, तरी 1810 साली केटनचा कळप विकला गेला तेव्हा याच कॉमेटसाठी चौघांनी मिळून 1,000 गिनी मोजल्या. वळूला चार आकडी मोल येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

त्याच लिलावात टॉमस बेट्स या गृहस्थाने 183 गिनींना एक कालवड घेतली, आणि तिच्यापासून डचेस घराण्याचा खरा इतिहास सुरू होतो. बेट्स बुद्धिमान होता, हेकट होता, आणि आपल्या गुरांसारखी गुरे त्रिखंडात नाहीत, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. अशा माणसास बाहेरचा वळू आणणे म्हणजे घराण्यास बट्टा लावणे वाटावे, यात नवल नाही. त्याने तेरा वर्षे कळपातल्या कळपातच पैदास केली. गुरे देखणी निपजत. पण गाई गाभण राहीनात, राहिल्या तर गाभडत, आणि वांझ निघणाऱ्या डचेस वाढत चालल्या. पुढील सतरा वर्षांत त्या अभिमानी माणसाला तीन वेळा बाहेरचे रक्त घ्यावे लागले, आणि तेही रूप सुधारण्याकरिता नव्हे, तर घटत्या प्रजननशक्तीपायी, असे डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

यातली खरी मेख पुढेच आहे. 1831 साली बेट्सने जो बेल्व्हेडेअर नावाचा वळू परका म्हणून आणला, त्याच्याही पूर्वजांत फेवरिट होताच! शिवाय त्या परक्यालाही बेट्सने लगोलग घरचा करून टाकले: बेल्व्हेडेअरला त्याचीच लेक देऊन त्याने ‘ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंड’ हा नामांकित वळू निपजविला. 1849 साली बेट्स वारला. त्यानंतर त्याच्या गुरांची किंमत व त्यांचे वांझपण ही हातात हात घालूनच वाढली. कारण डचेस दुर्मिळ झाल्या त्या न विणाऱ्या असल्यामुळे, आणि महाग झाल्या त्या दुर्मिळ असल्यामुळे. वंशावळीच्या या खुळाकडे पाठ फिरवून ॲबर्डीनशायरच्या अमॉस क्रूकशँकने ठेंगणी, भरीव, काटक गुरे पैदा केली आणि जातीची इभ्रत सावरली. अर्थात आपला आवडता वळू हाती लागल्यावर तोही निकटच्या पैदाशीच्या मोहातून सुटला नाही.

वस्तुतः हे सारे नातेगोते 1822 पासून शॉर्टहॉर्नच्या वंशावळी नोंदविणाऱ्या कोट्सच्या नोंदवहीत छापले जातच होते. इनामाच्या दाव्यास जोडलेल्या वंशावळीप्रमाणे ती वही लोक केवळ हक्क सिद्ध करण्यास वाचीत. अमेरिकेच्या कृषिखात्यातील सूअल राइट या शास्त्रज्ञाने तीच वही गणित करण्यासाठी वाचली. अपत्यास आईबापांकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक दोन्ही बाजूंनी मिळण्याचा संभव किती, हे मोजणारा अंतःप्रजननाचा गुणांक त्याने 1922 साली मांडला. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्यात तो 25 टक्के भरतो. कॉमेटमध्ये सुमारे 47 टक्के निघाला. एरवी जोडीच्या निर्दोष जनुकाआड झाकून राहणारा दोष अशा वेळी दोन्हीकडून एकदम येऊन उघडा पडतो. 1920 च्या सुमारास ब्रिटनमधील कोणतेही शॉर्टहॉर्न जनावर घेतले, तरी त्याचे फेवरिटशी नाते सरासरीने बापलेकाच्या नात्याइतके निकट भरत होते.

शॉर्टहॉर्नची गोष्ट जुनी झाली म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. 1962 साली जन्मलेल्या अर्लिंडा चीफ या अमेरिकन होल्स्टीन वळूस कृत्रिम रेतनामुळे सोळा हजार लेकी झाल्या. त्यांच्यातून जगभर पसरलेला एक जनुकीय दोष गर्भ पोटातच मारतो, हे कळावयास अर्धे शतक लागले. होल्स्टीनचे रक्त आपल्याकडेही आलेले आहे. 1967 साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बायफ या संस्थेने संकरित गाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचविली, आणि तिने अनेक संसार उभे केले, हे निर्विवाद आहे. इंग्रजांकडे वही होती आणि ती त्यांनी भलत्याच हेतूने वाचली. आपल्या बहुतेक गोठ्यांत वहीच नाही. रेतमात्रेच्या प्रत्येक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. गोठेवाल्यांनी तो गाईच्या नावापुढे तारखेसह लिहून ठेवावा, आणि पुढे तिची कालवड माजावर आली, म्हणजे त्याच क्रमांकाची नळी तिला भरू देऊ नये.