जम्पिंग स्टिल्ट्स : नव्या कमानीचे पहिले दिवस

देवळा किंवा उमराणे येथील बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेली पिकअप शिरते तेव्हा तिचा मागचा भाग खाली दबलेला असतो. माल उतरू लागला की तोच भाग हळूहळू वर येतो. चाकावरची पोलादी कमान, म्हणजे एकावर एक रचलेले पाटे, हे काम करीत असते. अशीच एक कमान पोलादाऐवजी काचतंतूंची करून माणसाच्या पायाला बांधली, तर जे साधन तयार होते त्याला जम्पिंग स्टिल्ट्स म्हणतात. शहरी मॉलमधील कार्यक्रमांत वा दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांत हरणासारख्या पायांनी उसळणारे कलाकार अनेकांनी पाहिले असतील. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकच्या समारोप सोहळ्यातही असे कलाकार होते.

काठ्यांवर चालण्याची हौस आपल्याला नवी नाही. छत्तीसगडमध्ये आणि त्या हद्दीला लागून असलेल्या आपल्या गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात बांबूची 'गेडी' परिचित आहे. तिकडे हरेलीच्या सणाला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेच्या दिवशी, मुले नव्या गेड्यांवर चढतात. पाय ठेवण्याचा तुकडा दोरीने बांधलेला असतो. त्या सांध्यावर थोडे रॉकेल ओतले की चालताना 'रच रच' असा आवाज निघतो, आणि ज्याची गेडी अधिक वाजेल त्याचा रुबाब अधिक. नवे साधन वापरण्याआधी त्यावर काहीतरी संस्कार करावा लागतो, ही जाणीव तेथेही आहेच. बस्तरमधील मुरिया तरुणांच्या गेडी नृत्याची नोंद व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे.

गेडीत उंची मिळते, उसळी मात्र मिळत नाही. ती मिळविण्याचे प्रयत्न सव्वाशे वर्षांहून जुने आहेत. निकोलस याग्न या रशियन संशोधकाने १८९० साली अमेरिकेत एक पेटंट घेतले. त्यात पायांना समांतर अशा धनुष्याकृती लांब स्प्रिंगा होत्या. कल्पना सुंदर, पण त्या काळी हलके आणि लवचीक द्रव्यच हाताशी नसल्याने ती कागदावरच राहिली. १९२० साली जर्मनीत मॅक्स पोलिग आणि अर्न्स्ट गॉटशाल यांनी तळाशी स्प्रिंग असलेल्या काठीचे पेटंट घेतले. पुढे मुलांच्या हाती आलेली पोगो स्टिक तिच्याच कुळातली. आजच्या रूपातील साधनाचे श्रेय अलेक्झांडर ब्योक या जर्मन संशोधकाकडे जाते. त्याचे अमेरिकी पेटंट २००४ सालचे आहे, आणि त्याच्याच नावावरून या खेळाला 'पॉवरबॉकिंग' हे नाव पडले.

रचना पाहिली तर ती तशी सोपी आहे. पाऊल ठेवण्यासाठी पट्ट्यांची खडाव, गुडघ्याखाली पोटरीला धरणारा पट्टा, ॲल्युमिनियमची चौकट, मागे बाक दिलेली काचतंतूंची कमान आणि तळाला रबरी खूर. भार पडला की चौकटीचा सांधा मिटतो आणि कमान वाकते. भार उतरला की ती सरळ होताना साठविलेली ऊर्जा परत करते. याग्नला जे जमले नाही ते येथे काचतंतूंनी साधले. १९८१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत मागच्या पोलादी पाट्यांचा अख्खा जुडगा काढून काचतंतूंचा एकच पाटा बसविण्यात आला, तेव्हा वीस किलोंच्या आसपासचे वजन चार किलोंच्याही आत आले. पायाला बांधावयाच्या वस्तूत हा फरक निर्णायक ठरतो.

आता मुख्य मुद्दा. नवी जोडी आणलेला मनुष्य पहिल्या दिवशी हमखास निराश होतो. कमान दगडासारखी ताठ वाटते, उडी वीतभरही जात नाही. जाणते सांगतात, 'थोडे दिवस जाऊ द्या, स्प्रिंग सरावेल.' नवी कोल्हापुरी चप्पल चावते, तिला तेल पाजावे लागते आणि मग ती पायाची होते, तसाच हा प्रकार असावा असा समज होतो. तो अर्धा खरा आहे.

काचतंतूंच्या पाट्यात लांबीच्या दिशेने धावणारे लक्षावधी बारीक तंतू भार पेलतात आणि त्यांना राळेसारखे रेझिन एकत्र धरून ठेवते. असा पाटा वारंवार वाकविला की त्याचा ताठरपणा सामान्यतः तीन टप्प्यांत घटतो. आरंभी रेझिनमध्ये अतिसूक्ष्म भेगा पडतात आणि ताठरपणा किंचित, परंतु लवकर कमी होतो. त्यानंतर दीर्घकाळ फारसे काही घडत नाही. अखेरीस थर सुटू लागतात, तंतू तुटू लागतात आणि पाटा एकाएकी जातो. नवी कमान 'सरावते' ती या पहिल्या टप्प्यात. मात्र तंतू एकाच दिशेने असलेल्या पाट्यात ही घट अल्प असते. उरलेला फरक अन्यत्र शोधावा लागतो. सांध्यातील बुश आपल्या जागी बसतात, रबरी खुराची कड झिजते, पट्टे पायाच्या आकाराला येतात. आणि सर्वांत मोठा वाटा वापरणाऱ्याचा स्वतःचा असतो. कमानीच्या लयीत भार टाकणे शरीर हळूहळू शिकते. झोपाळ्यावर योग्य क्षणी झोका देता आला नाही तर कितीही जोर लावून उपयोग नसतो, तसेच हे. आमच्या मते बदलाचे बहुतांश श्रेय कमानीपेक्षा माणसालाच द्यावे लागेल.

म्हणूनच पहिल्याच दिवशी कमान 'मोकळी' करण्यासाठी तीवर जोरजोराने आदळणे हा शुद्ध वेडेपणा होय. हिशेब करून पाहा. ७० किलो वजनाचा मनुष्य १ मीटर उंचीवरून खाली आला आणि कमान ३० सेंटिमीटर दबली असे धरू. दबण्याच्या शेवटच्या क्षणी दोन्ही पायांवर मिळून सुमारे ६०० किलोंचा भार येतो, म्हणजे कांद्याच्या पन्नास किलोंच्या बारा गोण्या. नवशिक्याचा तोल गेला आणि हा भार एकाच पायावर आला, तर काय होईल ते सांगावयास नको. कमान तुटलीच तर ती उसळीच्या ऐन क्षणी तुटते, आणि तोवर मनुष्य पूर्ण विश्वासाने त्या पायावर रेललेला असतो.

सुरुवात त्यामुळे चालण्यापासूनच व्हावी. कमरेइतक्या उंच ओट्यावर बसून पट्टे बांधावेत, उठताना भिंतीचा किंवा खांद्याचा आधार घ्यावा. या साधनावर स्थिर उभे राहता येत नाही. टेकण जेमतेम तळहाताएवढे असल्याने पावले सतत टाकीत राहावे लागते. पहिली दोन-तीन सत्रे चालण्यात गेली तरी बिघडत नाही. त्यानंतर जागच्या जागी लहान उसळ्या, कमान अर्धीच दबेल अशा. मग संथ धावणे. आठ-दहा सत्रांनंतर, अंग आणि कमान यांची ओळख झाल्यावरच उंच उडीचा विचार करावा. हेल्मेट, मनगटाचे, कोपरांचे व गुडघ्यांचे संरक्षक हे पहिल्या दिवसापासून हवेत. जमीन कोरडी आणि सपाट असावी. ओल्या फरशीवर रबरी खूर घसरतो, वाळूत तो रुततो.

पहिल्या काही सत्रांनंतर प्रत्येक वेळी सर्व नट-बोल्ट तपासावेत, कारण नवे भाग बसताना आवळलेले बोल्ट सैल होतात. सांध्यातून कुरकुर येऊ लागली तर ती गेडीच्या आवाजासारखी कौतुकाने ऐकू नये. सांधा साफ करून त्याला वंगण द्यावे.

ताठरपणाच्या तक्रारीमागे एक साधे कारणही अनेकदा आढळते, ते म्हणजे वजनाचा चुकलेला गट. कमानी वापरणाऱ्याच्या वजनानुसार वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. ५५ किलोंच्या मुलीने ९० किलोंसाठी बनविलेली कमान घेतली तर ती वर्षभरानेही सरावणार नाही. उलट जड माणसाने हलकी कमान घेतली तर ती पहिल्याच दिवशी मऊ आणि मजेदार वाटते. धोका अधिक आहे तो याच दुसऱ्या प्रकारात. जुनी जोडी विकत घेताना विक्रेत्याचे वजन अवश्य विचारावे. प्रश्न जरा उद्धट वाटला तरी चालेल.

कमानीची तपासणी डोळ्यांनी आणि बोटांनी होते. पाट्यावर पांढुरके डाग किंवा रेघा दिसणे, कडेला कुसळे निघणे, बोल्टच्या छिद्राभोवती भेग दिसणे ही थर सुटू लागल्याची चिन्हे आहेत. हात मात्र हातमोजा घालूनच फिरवावा, काचेचे कुसळ कातडीत शिरले तर लवकर निघत नाही. डागावर चिकटपट्टी गुंडाळून काम चालविण्याने दोष केवळ झाकला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात ही जोडी पत्र्याच्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवू नये, उष्णतेने आणि उन्हाने रेझिन कमकुवत होते. एक कमान गेली तर दोन्ही बदलाव्यात. एका पायाला नवी आणि दुसऱ्याला वापरलेली असली की दोन्ही पाय सारखे उचलले जात नाहीत, आणि नव्या जोडीचे पहिले दिवस पुन्हा चालण्यापासून सुरू करावे लागतात.