कातिबाची कॉपी

छापखान्यातले यंत्र सुरू होण्यापूर्वीच पुस्तकाचे निम्मे भवितव्य ठरलेले असते. छपाईसाठी तयार केलेल्या पानात जो दोष राहतो, तो हजारो प्रतींत उतरतो. उर्दूत हे पान तयार करणाऱ्याला कातिब म्हणत. छपाईचा इतिहास शिकवताना आम्ही यंत्रांची नावे सांगतो. कातिब मात्र राहून जातो.

आलॉइस सेनेफेल्डर यांनी 1796 च्या सुमारास जर्मनीत शिळाछापाचा शोध लावला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग शिळेवरच छापले. पुढे देवनागरी खिळ्यांकडे वळली. उर्दूतही कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजची पुस्तके खिळ्यांवर निघाली, सर सय्यद अहमद खान यांनी टाइपाचा पुरस्कार केला. पण वाचकांचे मन नस्तालीकमध्येच गुंतलेले होते. या लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द तिरका उतरत येतो. सरळ ओळीत मांडलेल्या खिळ्यांना तो उतार साधेना. म्हणूनच 1858 मध्ये लखनौत छापखाना काढणाऱ्या मुन्शी नवल किशोर यांनी शिळेवर कुरआन शरीफपासून नानाविध ग्रंथ छापले.

कातिब खळ लावलेल्या पिवळसर कागदावर तेलकट शाईने लिही. कागद ओला करून शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उमटत आणि छापताना सुलटी होत. तपासणी व्हायची ती शिळेवर जाण्यापूर्वी. त्यानंतर चूक सापडलीच, तर संगसाज शिळेवरच उलट्या अक्षरांत ती दुरुस्त करी. कित्येक पुस्तकांच्या अखेरीस कातिबाचे नाव असे. ते नाव म्हणजे मानही होता आणि जबाबदारीही.

मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हे चित्र बदलले. हजारो जोडरूपे संगणकात भरली गेली आणि 1981 मध्ये लाहोरचा 'जंग' त्यावर निघू लागला. दिल्लीत तयार झालेले 'इनपेज' 1994 मध्ये आले. हळूहळू कातिबांची लेखणी थांबली. चेन्नईचे 1927 पासूनचे 'द मुसलमान' हे दैनिक मात्र संगणकयुगातही वर्षानुवर्षे हातानेच लिहिले गेले.

आज पान फाईल होऊन छापखान्यात जाते. फाँट सोबत नसला तर शब्द तुटतात, म्हणून मजकूर 'कर्व्ह' करून पाठवतात. एकदा कर्व्ह झाला की अक्षराचे चित्र बनते. मग नुक्ता टंकून सुधारता येत नाही. म्हणजे शिळेचाच नियम परत आला! फरक एवढाच की, मराठी मुलखातल्या बहुतेक छापखान्यांत उर्दू वाचणारा कोणी नसतो. शब्द उलटसुलट झाले तरी यंत्र चालूच राहते.

'खुदा'वरचा एक नुक्ता खाली घसरला, तर तो 'जुदा' होतो. तेव्हा फाईल सोडण्यापूर्वी कागदावर प्रूफ काढून ते उर्दू जाणणाऱ्याने शब्दन् शब्द वाचावे, आणि त्याचे नाव पुस्तकात छापावे. कातिब गेला, पण त्याची जबाबदारी कुणीतरी उचललीच पाहिजे.