झटका मशीनची बॅटरी : एका रात्रीचा घटनाक्रम

जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांत बॅटरी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. उसात बिबट्या, म्हणून अंगणात रात्रभर दिवा. रानडुकरं, म्हणून बांधावरच्या तारेला झटका मशीन. पुढची रात्र मी मांडलेली आहे, ती कुण्या एका घरात घडलेली नाही. रसायन मात्र खरं आहे, आणि ते कुठल्याही घरात असंच वागतं.

संध्याकाळी ६. आठवडाभर झड लागलेली. सोलर प्लेटला ऊन नाही, त्यामुळे झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. घरधनी ती घरी आणतो. धाकटा म्हणतो, "दादा, आजच्या रात्री तारेला सरळ घरची लाईट देऊ." दादा नाही म्हणतो. त्या रात्रीतला हा एकच शहाणा निर्णय, कारण तसली तार जनावराआधी माणसाला मारते.

६.३०. बुचं उघडून बघायचं राहून जातं. आतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलं आहे. चार्जिंगआधी प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. बोअरचं पाणी कधीच नाही.

७. ओल लागू नये म्हणून बॅटरी जिन्याखालच्या लाकडी कपाटात जाते, वर गोणपाट. पावसामुळे खिडक्या बंद, बिबट्यामुळे दारं बंद. चार्जर जुना, भरल्यावर आपोआप न थांबणारा. माझ्या मते स्फोट इथेच ठरला. ठिणगी पडायची तेवढी बाकी होती.

१०. शेतपंपाची थ्री फेज वीज आली. दोघे भाऊ पाणी भरायला शेतावर.

रात्री १. बॅटरी भरली. व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेलं की येणारी वीज साठायच्या ऐवजी पाणी फोडू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतो. दर अँपिअर-तासाला एका कप्प्यातून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन. कप्पे ६, चार्जर अजून ६ अँपिअर ढकलतोय असं धरा. तासाला १५ लिटर झाले. ३ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट उंच कपाटात सुमारे ५१० लिटर हवा मावते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ती पेट घेऊ शकते, म्हणजे २० लिटर पुरे.

२.३०. कपाटाला फट नसेल तर ती मर्यादा ओलांडली आहे. हेच कपाट उघडं असतं किंवा बॅटरी पडवीत असती, तर एवढा हलका वायू केव्हाच वर निघून गेला असता. पाणबुडीत ही सोय नसते. २०१० च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला आयएनएस सिंधुरक्षकच्या बॅटरी कक्षात आग लागून एक नौसैनिक गेला. हायड्रोजनची झडप सदोष होती. तिथे प्रशिक्षित माणसं होती. इथे गोणपाट आहे.

पहाटे ४. आजी जागी होते. "सूनबाई, उंदीर मेलाय का गं कुठं?" हायड्रोजनला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, बॅटरी जादा चार्ज होऊन तापल्याची खूण. त्या क्षणी खोलीतलं कुठलंही बटण न दाबता बाहेरचा मेन स्विच पाडायचा, खिडक्या उघडायच्या आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं. सूनबाई म्हणतात, "उजाडल्यावर बघते." कूस बदलली जाते.

५.४०. घरधनी चिखलाच्या पायांनी येतो, कपाट उघडतो, वाकतो आणि चार्जर चालू असतानाच चिमटा ओढतो. ठिणगी. बॅटरीचं झाकण फुटतं, ॲसिड तोंडावर. (आधी वीज बंद, मग निगेटिव्हचा चिमटा, मग पॉझिटिव्हचा, डोळ्यांवर चष्मा. काम मिनिटभराचं.)

५.४१. डोळ्यांवर साधं पाणी, धार धरून, किमान २० मिनिटं. मग लगेच दवाखाना. हळद नको, तेल नको. खायचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी, डोळ्यासाठी नव्हे.

सकाळी ११. भंगारवाला येतो. फुटकी बॅटरी उलटी करून उरलेलं ॲसिड ओढ्यात ओततो. शिसं कुठल्यातरी उघड्या भट्टीवर वितळेल. सेनेगलमधल्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत बॅटऱ्यांचं शिसं असंच उघड्यावर काढलं जाई. २००७-०८ मध्ये तिथे १८ मुलं दगावली. स्फोट झाला नव्हता, फक्त शिशाची धूळ होती.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवून, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे पोचवायची असते. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या, किमतीत वळती करून घ्या आणि पावती मागा. फुटकी असेल तर प्लॅस्टिकच्या टबात, उभी न्या. आणि हंगाम संपल्यावर झटका मशीनची बॅटरी उतरलेली टाकून ठेवू नका; पूर्ण भरून हवेशीर पडवीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा, दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.